वर जाने का, खाली आने का

अप्पांनी स्वेटरच्या आतून व्हर्निअर कॅलिपर बाहेर काढला तेव्हा दुकानदार दोन पावलं मागे सरकला.

"ये क्या है, साहब?"

"माप," अप्पा म्हणाले. "तुम बोला शहाण्णव. हम देखेगा."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं.

"छियानवे," मी म्हणाले. "आपने छियानवे मिलीमीटर कहा था ना? वो नापकर देखेंगे."

"नापिए, नापिए," तो म्हणाला, आणि बुखारीत एक लाकूड सरकवून आम्हाला बसायला स्टुलं दिली. बुखारी म्हणजे खोली गरम ठेवणारी पत्र्याची शेगडी. अप्पा बसले नाहीत. भिंतीला टेकवलेली स्की त्यांनी आडवी मांडीवर घेतली, तिची कंबर कॅलिपरच्या जबड्यात धरली आणि चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचला.

"पंच्याण्णव पॉइंट चार."

"पचानवे दशमलव चार," मी म्हणाले.

"साहब, बर्फ को पता नहीं चलेगा," दुकानदार म्हणाला.

"हमको पता चलेगा."

गुलमर्गच्या बाजारातलं ते दुकान फिरदौसभाईंचं होतं. मोसम संपला की परदेशी पाहुणे आपल्या स्की तिथे विकून जात, काही नव्या कोऱ्याही येत. अप्पा तिथे सलग सातव्या फेब्रुवारीत आले होते. चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, चौतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि पुढच्याच हिवाळ्यात कॉलेजच्या पोरांबरोबर इथला स्कीचा कोर्स करून गेले. आईने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "मला गुडघे आहेत." त्यामुळे सोबत म्हणून मी. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर येत होते आणि गंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर जाऊन सोप्या उतारावरून, फारशी न पडता, खाली येऊ शकत होते.

आतापर्यंत स्की भाड्याने घ्यायचो. त्या वर्षी विकत घ्यायच्या होत्या, आणि त्याही अशा, की एकाच जोडीवर दोन्ही व्हावं. गंडोलाच्या उतारावर दिवसभर घसरताही यावं आणि हवं तेव्हा गंडोला सोडून, गर्दी सोडून, स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवून आपल्या पायांनी डोंगर चढताही यावा. अप्पांनी नोव्हेंबरमध्येच फोनवर जाहीर केलं होतं, "या वर्षी आपण दोघं चालत वर जायचं. चार तास लागतात. मस्त. चालताना माणूस बोलतं."

माणूस म्हणजे मी.

ऑगस्टमध्ये कौस्तुभ आणि मी वेगळे झालो होतो. हे मी घरी फोनवर दोन वाक्यांत सांगितलं. आई रडली. अप्पा "बरं" म्हणाले. त्यानंतर सहा महिने त्यांनी एक अक्षर विचारलं नव्हतं, आणि आता चार तासांची चढण ठरवली होती, जिथून पळून जायला वाट नाही. मला जायचं नव्हतं. पण अप्पांना तसं सांगणं अवघड होतं. ते रागावले असते असं नाही. "बरं" म्हणाले असते, आणि सगळं सामान नीट घडी घालून ठेवून दिलं असतं. ते मला बघवलं नसतं. मी हिंदीतून मराठीत अनुवाद करते, दुसऱ्यांच्या वाक्यांना शब्द शोधून देते. तरी "मला यायचं नाही" एवढी तीन शब्दांची सोय मला काश्मीरपर्यंत जमली नव्हती.

"साहब, एक बात बताऊँ?" फिरदौसभाई म्हणाले. "हल्की लोगे तो उतरते वक्त नाचेगी. भारी लोगे तो चढ़ते वक्त रुलाएगी. दोनों काम की चाहिए, तो दोनों काम थोड़े-थोड़े होंगे."

अप्पा माझ्याकडे वळले. "हे तुझी आई पण म्हणते."

आई म्हणायची, आणि तिचं बरोबर होतं. एका कामाची वस्तू घरात आणायची नाही असा अप्पांचा नियम होता. आमचं इस्त्रीचं टेबल उलटं केलं की कॅरम व्हायचं, म्हणून त्यावर इस्त्री करताना सोंगट्यांच्या भोकांत कॉलर जायची. माझा पलंग त्यांनी स्वतः बनवला होता. त्याच्या पोटात पुस्तकांचं कपाट होतं, आणि ते उघडायला गादी उचलावी लागे. घरात कुणालाही पुस्तक हवं झालं की मला उठवत. उठलेच आहे तर मीही एक काढून घेई. माझं बरंचसं वाचन असं झालं.

"थोड़ा-थोड़ा चलेगा," अप्पा फिरदौसभाईंना म्हणाले. "हमको दोनों मंगता. वर जाने का, खाली आने का."

"ऊपर जाना, नीचे आना," मी म्हणाले.

"हाँ, हाँ, समझ गया."

मग अप्पांनी दोन हातांवर दोन स्की तोलल्या. मग हात बदलून तोलल्या. मग काटा मागितला. फिरदौसभाईंनी मागच्या खोलीतून सामान तोलायचा आकड्याचा काटा आणला आणि एकेक स्की मासळीसारखी टांगून दाखवली. अप्पांनी वजनं वहीत लिहिली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन, हातमोजे घेऊन, जाऊनही आलं होतं, कारण मोजे मोठे होत होते. तेही बदलून गेलं. आमची स्की ठरली नव्हती.

"अप्पा, भूक लागली."

"दोन मिनिटं."

खरी मजा बाइंडिंगची होती. बूट जिथे स्कीला अडकतो तो भाग. साध्या, उताराच्या बाइंडिंगमध्ये बुटाची टाच खटकन बंद होते आणि पडेपर्यंत सुटत नाही. चढायच्या बाइंडिंगमध्ये फक्त पुढचं टोक धरलेलं असतं, टाच मोकळी राहते, त्यामुळे पाऊल उचलून चालता येतं. माथ्यावर पोचलं की खटका फिरवायचा, टाच बंद करायची आणि खाली यायचं. फिरदौसभाईंनी अप्पांसाठी निवडलेल्या जोडीवर हे दोन्ही खटके होते. अप्पांनी तो खटका किती वेळा फिरवला ते मी मोजणं सोडून दिलं.

"काय डोकं लावलंय!" ते जमिनीवर मांडी घालून बसले होते. "इरा, बघ. मोकळी. बंद. मोकळी. बंद."

"बघतेय."

"ह्याची स्प्रिंग बघ. ही कुणी केली असेल, त्याला भेटायला पाहिजे."

"साहब को ये पसंद है," फिरदौसभाई मला म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटकेचा आनंद होता. "अब मैडम की."

माझ्या मापाची स्की कोरी होती, बाइंडिंग अजून बसवायची होती. ते माझा बूट घेऊन मागे जाणार, भोकं पाडून बसवणार, सकाळी मिळणार असं ठरलं.

"मैडम की कौन-सी लगाऊँ?"

अप्पांनी मान वर केली नाही. त्यांचं बोट अजून स्प्रिंगवर होतं. "लडकी का चढना बराबर है. उसका प्रॉब्लेम उतरने का है. उसको खाली उतरने का अच्छा मंगता."

"खाली उतरने का?"

"हां. खाली उतरने का."

"पक्का, साहब?"

"एकदम पक्का. पहले खाली का देखो."

फिरदौसभाईंनी दुपारभर जसं पाहिलं होतं तसं माझ्याकडे पाहिलं. "ठीक है, मैडम?"

"ठीक है," मी म्हणाले.

ते माझा बूट आणि स्की घेऊन मागे गेले. थोड्या वेळाने ड्रिलचा आवाज यायला लागला. अप्पांना आत जाऊन ड्रिल बघायचं होतं. मी त्यांना बाहीला धरून राजमा-चावल खायला नेलं. तेव्हा साडेचार वाजले होते.

खोलीवर आल्यावर त्यांनी आईला फोन केला. "घेतल्या. दोघांच्या. अगं, टाच मोकळी होते. टाच! ... नाही, गुडघ्याचं नाही काही. ... इराची? तिची खाली यायला एक नंबर आहे." मग फोन पलंगावर ठेवून त्यांनी आईला खटक्याचा आवाज ऐकवला. मोकळी, बंद. पलीकडून आईचा आवाज आला, "कळलं हो, कळलं. जेवलात का?"

सकाळी गंडोलाच्या पलीकडे, जिथून पायवाट झाडांत शिरते, तिथे आमचा वाटाड्या तारिक उभा होता. चाळिशीचा, बोलण्यात काटकसर करणारा माणूस. अप्पांनी बर्फावर स्की मांडल्या, तळाला पट्ट्या चिकटवल्या, बूट अडकवला आणि जागच्या जागी चार पावलं टाकून दाखवली. टाच वर, टाच खाली. लहान मुलाला नवे बूट मिळाल्यावर ते दारातल्या दारात चालून बघतं, तसे.

"चल, तू घाल."

दुकानातून आणलेल्या स्कीवर मी पाय ठेवला. खट्.

"टाच सोड आता."

"सुटत नाहीये, अप्पा."

"खटका फिरव."

"खटका नाहीये."

ते गुडघ्यांवर बसले. हातमोजा काढून त्यांनी माझ्या टाचेमागे बोट फिरवलं, मग दुसऱ्या टाचेमागे. मग तारिककडे पाहिलं, जणू त्याने काढून ठेवला असावा.

"ये तो बंद है!"

दुकान शंभर पावलांवर होतं. अप्पा स्की खांद्यावर टाकून पुढे, मी मागे, तारिक सर्वांत मागे.

"ये क्या दिया?" अप्पांनी स्की काउंटरवर आडवी ठेवली. "इसका टाच खुलताच नहीं!"

"नहीं खुलेगा, साहब. आपने ही बोला."

"हमने बोला?"

"आपने बोला, लड़की को खाली उतरने का चाहिए. मैंने दो बार पूछा."

"हां, खाली! खाली उतरने का!"

"तो मैंने खाली उतरने का लगा दिया."

"अरे, खाली!" अप्पांनी बोटाने जमीन दाखवली. "खाली माने खाली!"

"हाँ साहब. खाली माने सिर्फ़."

अप्पांचं बोट जमिनीकडेच होतं. फिरदौसभाईंनी त्या बोटाकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि त्यांचा हात हळूहळू कपाळाला गेला.

"नीचे?" ते म्हणाले.

"नीचे," अप्पा म्हणाले.

आणि अप्पा हसायला लागले. ते हसायचे तेव्हा आवाज यायचा नाही, फक्त खांदे हलायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. ते स्टुलावर बसले. फिरदौसभाई काउंटरला धरून हसत होते. तारिकला कुणीतरी समजावून सांगितलं, मग तोही. "सहासष्ट वर्षं," अप्पा डोळे पुसत मला म्हणाले, "सहासष्ट वर्षं मी खाली म्हणतोय, आणि ह्यांना वाटतंय नुसतं!"

मीही हसत होते.

"किराये की दूसरी है," फिरदौसभाई म्हणाले. "मैडम के बूट पर बिठाना पड़ेगा. एक घंटा दो."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "थांबू या का? तासाभराचंच आहे."

"तुम्ही जा ना," मी म्हणाले. "तारिकला कशाला खोळंबून ठेवायचं? ऊन चढलं की बर्फ बिघडतो, तुम्हीच सांगता. मी इथे गंडोलावर करते आज."

"बरं," ते म्हणाले. माझ्या स्कीच्या पट्ट्या त्यांनी चिकट बाजू आत घेऊन नीट दुमडल्या आणि मला दिल्या. "मग उद्या जाऊ. आज हे तुझी टाच मोकळी करून देतील."

झाडांपर्यंत मी त्यांना बघत होते. ते तारिकच्या मागोमाग चालले होते, पाऊल न उचलता, स्की पुढे सरकवत, शिकवल्याप्रमाणे. वळणावर त्यांनी काठी वर केली. मी हात केला आणि गंडोलाच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

अप्पांनी निवडलेली स्की खाली यायला खरोखर छान होती. माझ्याकडून आपोआप वळणं निघत होती. सहा वेळा वर गेले, सहा वेळा आले, एकदाही पडले नाही. सातव्यांदा आले तेव्हा उताराच्या पायथ्याशी फिरदौसभाई उभे होते. दुकान सोडून, टोपी न घालता. मला वाटलं, टाचेचं काही सांगायला आलेत.

चढण तीन-चतुर्थांश झाल्यावर अप्पा चहासाठी एका झाडाच्या बुंध्याशी बसले होते. तारिक पाठ करून थर्मासचं झाकण उघडत होता. कप घेऊन तो वळला तेव्हा ते तसेच बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल. सगळे डॉक्टर असं म्हणत असतील.

दुसऱ्या दिवशी श्रीनगरला निघण्याआधी तारिक भेटायला आला. हातातली टोपी गोल गोल फिरवत उभा राहिला.

"कुछ कहा उन्होंने?" मी विचारलं.

"बहुत कुछ कहा, मैडम. रास्ते भर बोलते रहे."

"क्या?"

तो ओशाळला. "मराठी में बोल रहे थे. मुझसे नहीं, मतलब... जैसे कोई याद करता है ना, इम्तिहान से पहले? वैसे. थोड़ा बोलते, रुकते, फिर शुरू से बोलते. मैंने सोचा, कोई साथ दे तो अच्छा लगेगा. तो मैं हाँ-हाँ करता रहा."

"एक भी शब्द याद है?"

त्याने खरंच आठवून पाहिलं. "इरा," तो म्हणाला. "इरा दो-तीन बार आया. बाकी नहीं मालूम."

याला आता आठ वर्षं झाली.

माणूस गेल्यावर घराला एक गोष्ट लागते, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला. आमच्या घराला ही मिळाली. पहिल्या वर्षी आई ती सांगू शकत नव्हती, मावशी सांगायची. मग आई सांगायला लागली, आणि मावशीपेक्षा बरी सांगायला लागली. फिरदौसभाईंना तिने कधी पाहिलं नव्हतं, तरी तिच्या गोष्टीत त्यांना मिशा होत्या. खऱ्या फिरदौसभाईंना मिशा नव्हत्या. अप्पा जमिनीकडे बोट करतात तिथे ती उभी राहायची आणि बोट करायची. गोष्ट संपली की म्हणायची, "ह्यांच्या हिंदीने बाई पोरीला वाचवलं. नाहीतर त्या बर्फात एकटीने काय केलं असतं हिने?" आणि मग, डोळे पुसत, "तरी मी सांगत होते, जरा हिंदी सुधारा." सगळे हसायचे. मीही हसायचे. एकदोनदा तर मी मधले संवाद पुरवलेत.

परवा मावशीच्या नातीचं, सईचं, केळवण आमच्याकडे होतं. तिचा होणारा नवरा तन्मय पहिल्यांदाच घरी आला होता. श्रीखंडाची दुसरी वाटी त्याच्यापुढे ठेवून आईने गोष्ट सुरू केली. नवा श्रोता मिळाला की ती विशेष रंगते. कॅलिपर, काटा, मिशा, सगळं झालं. ती उभी राहिली, बोट जमिनीकडे केलं, "खाली माने खाली!" सई हसता हसता ठसकली. तन्मयही मनापासून हसला, मग जरा थांबून माझ्याकडे वळला. मुलगा हुशार आहे.

"पण इरामावशी, तुम्ही तर हिंदीचा अनुवाद करता ना? तुम्ही होतात की तिथे. तुमच्या कसं लक्षात नाही आलं?"

आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आईने पोळीचा डबा उघडत माझ्या वतीने उत्तर दिलं.

"अरे, हिचं लक्ष कुठे असतं? पुस्तकात डोकं. तेव्हाही असंच कुठेतरी असेल. घे, पोळी घे."

"लक्ष होतं," मी म्हणाले.

"काय?"

"माझं लक्ष होतं, आई. ते दोघं काय बोलतायत आणि कुणाचं काय चुकतंय ते मला तिथल्या तिथे कळलं होतं. फिरदौसभाईंनी मला विचारलंसुद्धा. अप्पा चढताना माझ्याशी बोलणार होते आणि मला ते नको होतं. म्हणून मी ठीक है म्हणाले."